नागपूर ते मुंबई विमानाने किती अंतर, किती वेळ? सिनॉप्सिस लिहिण्याआधी सोडवून बघायचा एक प्रश्न

“सर, मी अंतर हा व्हेरिएबल घेतलाय.” सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये हे वाक्य बोललात की समोरून पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “कुठलं अंतर?” इथे बरेच जण अडखळतात. अंतर म्हणजे अंतर, त्यात कुठलं काय असणार, असं आपल्याला वाटतं. वेळेचंही तसंच.

म्हणून आज आपल्या रोजच्या ओळखीचा एक प्रश्न घेऊ. नागपूर ते मुंबई अंतर किती आणि विमानाने जायला वेळ किती लागतो? वरवर सामान्य ज्ञानाचा वाटणारा हा प्रश्न नीट सोडवला, तर मोजमाप, व्याख्या, सरासरी आणि चूक या संशोधनातल्या चारही गोष्टी हाताला लागतात. वही-पेन घेऊन बसा. साधा कॅल्क्युलेटर पुरेल.

चार उत्तरं, चारही बरोबर

वर्गात हा प्रश्न विचारला तर साधारण अशी उत्तरं येतील.

रेल्वेने जाणारा म्हणेल ८३७ किलोमीटर. नागपूर स्टेशन ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, भुसावळमार्गे.

गाडीने जाणारा म्हणेल ७०१ किलोमीटर, कारण समृद्धी महामार्गाची लांबी तेवढी आहे. पण हा महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्याला सुरू होतो आणि ठाणे जिल्ह्यातल्या आमणे इथे संपतो. म्हणजे ७०१ हा रस्त्याच्या लांबीचा आकडा झाला. तुमच्या घरापासून दादरपर्यंतचं अंतर वेगळं.

नकाशावर फूटपट्टी ठेवणारा म्हणेल ६८३ किलोमीटर. आणि चौथा म्हणेल, “अंतराचं सोडा, दीड तास लागतो.”

यातलं कुठलंच उत्तर चूक नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे, एवढंच. पहिला धडा इथेच मिळतो: आकडा लिहिण्याआधी तो कुठून कुठपर्यंत, कोणत्या वाटेने आणि कशाने मोजला हे लिहायचं. संशोधनाच्या भाषेत याला व्हेरिएबलची कार्यात्मक व्याख्या म्हणतात. सिनॉप्सिसमध्ये ही व्याख्या दोन ओळींत लिहिलेली असेल, तर “कुठलं अंतर?” या प्रश्नाची भीती राहत नाही.

६८३ आला कुठून?

आता हवाई अंतर काढू. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. फरक काढा. अक्षांशात २.०० अंश, रेखांशात ६.१८ अंश.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११.२ किमी होतो. आता बहुतेक जण काय करतात? दोन्ही फरकांना १११.२ ने गुणतात आणि पायथागोरस लावतात. २२२.४ आणि ६८७.२ या दोन बाजू, कर्ण ७२२ किमी. हे उत्तर चुकलं, आणि चांगलं ४० किमीने चुकलं.

कारण असं की, रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किमीचा असला तरी आपल्या अक्षांशावर तो तेवढा उरत नाही. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांची सरासरी २०.०९ अंश, तिचा कोसाइन ०.९३९. म्हणून ६.१८ ला आधी ०.९३९ ने गुणायचं, मग १११.२ ने. उत्तर येतं सुमारे ६४५ किमी. आता पायथागोरस लावा: ६८२.६ किमी. गोलावरच्या अंतराचं नेमकं सूत्र, म्हणजे हॅवरसाइन, वापरलं तरी जवळजवळ हेच उत्तर येतं.

“मग सपाट धरूनच का काढू नये? सोपं आहे की!” काढा, पण ते कुठवर चालतं हे माहीत असू द्या. हीच सपाट पद्धत मुंबई ते न्यूयॉर्कला लावली तर सुमारे १४,३४० किमी येतात. गोलावरचं खरं सर्वात कमी अंतर आहे सुमारे १२,५३० किमी. तब्बल १,८०० किमीची चूक! पद्धत तीच, गणित करणारी व्यक्ती तीच, फक्त पल्ला बदलला. कुठलंही सूत्र वापरताना “हे कोणत्या मर्यादेत खरं आहे?” हे विचारण्याची सवय लावून घ्या. गाईड विचारण्याआधी तुम्हीच विचारलेलं बरं.

दशांश चिन्हानंतर किती आकडे?

सॉफ्टवेअर तुम्हाला ६८२.५९४३७ असं काहीतरी देईल. ते तसंच्या तसं थीसिसमध्ये चिकटवू नका. आपण अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंत घेतले. ०.०१ अंश म्हणजेच सुमारे १.१ किमी. ज्या मोजपट्टीची सर्वात लहान खूण एक किलोमीटरची आहे, तिने मिलिमीटर मोजता येत नाहीत. शिवाय पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. चपट्या आकाराने हिशेब केला तर उत्तर अर्धा-पाऊण किलोमीटरने वाढतं. म्हणून “सुमारे ६८३ किमी” हेच प्रामाणिक उत्तर. जास्त आकडे लिहिल्याने काम जास्त अचूक होत नाही, उलट परीक्षकाला शंका येते.

पृथ्वीच्या या आकाराचा आपल्या विदर्भाशी जुना संबंध आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन यांनी जे सर्वेक्षण सुरू केलं, तेच पुढे ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे म्हणून ओळखलं गेलं. त्रिकोणामागे त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि २० जानेवारी १८२३ ला, नागपूरच्या वाटेवर असताना, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. त्यांचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलं. त्या मोजणीतून पृथ्वीच्या चपटेपणाचे जे आकडे निघाले, त्यांवर भारताचे नकाशे कितीतरी दशकं आधारलेले होते. आजचं जीपीएस वेगळा आकार धरतं. त्यामुळे जुन्या टोपोशीटवरचा बिंदू आणि मोबाईलच्या जीपीएसचा बिंदू तसेच एकमेकांवर ठेवले तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. विमानाच्या प्रवासात हा फरक काहीच नाही. पण तुमचं संशोधन विहिरींवर किंवा शेताच्या बांधावर असेल, तर बिंदू शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडेल!

आता वेळ : ४९ मिनिटं की दीड तास?

या मार्गावरची जेट विमानं उंचावर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किमी वेगाने जातात. ६८३ भागिले ८३०, म्हणजे जवळपास ४९ मिनिटं. पण तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. मधली चाळीस मिनिटं गेली कुठे?

तिकिटावरच्या वेळेला ब्लॉक टाईम म्हणतात. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबलं की बंद. हवेत असण्याची वेळ हा त्यातला फक्त एक भाग.

नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेने आहे. मुंबई आहे नैऋत्य-पश्चिमेला. म्हणजे उड्डाण झालं की आधी वळावं लागतं. चढताना आणि उतरताना वेग ८३० नसतो, बराच कमी असतो. वाटेत विमान फूटपट्टीच्या रेषेवरून जात नाही. ठरवून दिलेल्या बिंदूंवरून, ठरवून दिलेल्या वाटेने जातं. म्हणजे कापलेलं अंतरही ६८३ पेक्षा जास्तच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. मग रांग लागते, आणि कधी कधी ही रांग आकाशातच घिरट्या घालत उभी असते. उतरल्यावर जागेपर्यंत जायला आणखी काही मिनिटं.

आणि एक गंमत. विमान कंपन्या या संभाव्य उशिराचा अंदाज घेऊन वेळापत्रकातच थोडी जास्तीची मिनिटं धरतात. विमान उद्योगात १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान सामान्यतः वेळेवर मानलं जातं. आता विचार करा. “विमानं अधिक वेळेवर येऊ लागली आहेत का?” असा विषय कुणी घेतला आणि फक्त वेळेवर येण्याची टक्केवारी बघितली. टक्केवारी वाढलेली दिसली. पण त्याच काळात वेळापत्रकातली मिनिटंही वाढवलेली असली तर? विमान पूर्वीइतक्याच वेळात येतंय, फक्त मोजपट्टी ढिली झाली. तुमचा निष्कर्ष मात्र “सेवा सुधारली”. म्हणून दुय्यम डेटा वापरताना तो आकडा कुणी, कशासाठी तयार केला हे आधी बघायचं. वेळापत्रक प्रवाशांना सांगण्यासाठी असतं. ते तुमच्या संशोधनासाठी बनवलेलं नाही.

जाताना वेगळी वेळ, येताना वेगळी

हिवाळ्यात नागपूरच्या आकाशात उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे मुंबईहून नागपूरला येताना तो पाठीशी असतो आणि जाताना समोर. पावसाळ्यात द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडचा वारा येतो आणि चित्र उलटतं. या पूर्वेकडच्या वेगवान प्रवाहाची ओळख भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये करून दिली.

समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ८०० आहे आणि वारा ताशी १००. पाठीशी वारा असताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९००, समोरून असताना ७००. आता मला सांगा, जाऊन-येऊन सरासरी वेग किती?

“आठशेच! शंभर वाढले, शंभर कमी झाले.” नाही. करून बघा. ६८३ भागिले ९०० म्हणजे ४५.५ मिनिटं. ६८३ भागिले ७०० म्हणजे ५८.५ मिनिटं. बेरीज १०४ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १०२.५ मिनिटं लागली असती. वाऱ्याने एका फेरीत जेवढं दिलं, त्यापेक्षा दुसऱ्या फेरीत जास्त काढून घेतलं. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. खरा सरासरी वेग ७८७.५ निघतो. याला हार्मोनिक मीन म्हणतात, आणि सारखं अंतर वेगवेगळ्या वेगाने कापलं असेल तर हीच सरासरी घ्यावी लागते. पेटच्या पेपरात हा प्रश्न हमखास चकवतो. पण पेपरापेक्षाही, तुमच्या डेटात जिथे जिथे “दर” आहेत, दर तास, दर हेक्टर, दर हजारी, तिथे साधी सरासरी घेण्याआधी क्षणभर थांबा.

नागपूर खरंच मध्यभागी आहे का?

आता आपल्या शहराच्या अभिमानाचा विषय. झिरो माईल म्हणजे देशाचं केंद्र, हे आपण शाळेपासून ऐकतो. या मध्यवर्तीपणाचा एक खराखुरा वापर जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाला. रात्रीची हवाई टपाल सेवा! दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत. सोनेगावच्या धावपट्टीवर अर्ध्या रात्री सगळ्या देशाचं टपाल वाटलं जायचं.

आपल्याच पद्धतीने आजच्या विमानतळांपासूनची अंतरं काढू, पाचाच्या पटीत. नागपूरपासून मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास म्हणजे आजचं चेन्नई ९१०, कलकत्ता म्हणजे कोलकाता ९८५ किमी. सरासरी सुमारे ८६०.

त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किमी धरू. सरासरी अंतराला लागतात सुमारे ३ तास ११ मिनिटं. पण कलकत्त्याच्या विमानाला लागतात ३ तास ३९ मिनिटं. सरासरीवर वेळापत्रक बसवलं असतं तर रोज २८ मिनिटं तीन विमानं चौथ्याची वाट बघत बसली असती. जिथे सगळ्यांनी एकत्र यायचं असतं, तिथे सगळ्यात लांबचा माणूस वेळ ठरवतो. लग्नाच्या वऱ्हाडाचा अनुभव असेलच तुम्हाला!

आता खरी परीक्षा. हेच गणित रायपूरसाठी करा. रायपूरपासून मुंबई ९५५, दिल्ली ९४५, चेन्नई ९२५, कोलकाता ७१०. सरासरी सुमारे ८८५. म्हणजे सरासरीने बघितलं तर नागपूर जास्त मध्यवर्ती. पण सर्वात लांबचं अंतर बघितलं तर नागपूरचं ९८५ आणि रायपूरचं ९५५. तिथे रायपूर जिंकतं!

मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा नागपूरकर म्हणून जरा वाईट वाटलं. पण संशोधन म्हणजे हेच. “मध्यभागी” हा शब्द निकष सांगितल्याशिवाय अपुरा आहे. आणि यावरून “तेव्हा निवड चुकली” असंही म्हणता येत नाही. तेव्हाचं नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास हे रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदत होते. अंतर हा निर्णयातला एक घटक असतो. आज मिहानची कल्पनाही याच मध्यवर्तीपणावर उभी आहे. तिच्यावर कुणी संशोधन करणार असेल तर पहिलं काम हेच: मध्यवर्ती, पण कुठल्या निकषाने?

चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?

“एवढा काथ्याकूट कशाला?” असं वाटत असेल तर ग्रीन कॉरिडॉरची बातमी आठवा. नागपुरातून अवयव दुसऱ्या शहरात विमानाने नेले जातात, त्यासाठी रस्ते मोकळे केले जातात. हृदय शरीराबाहेर काढल्यावर साधारण ४ तासांच्या आत दुसऱ्या शरीरात सुरू व्हावं लागतं. म्हणजे हातात २४० मिनिटं.

उदाहरणासाठी धरू: रुग्णालय ते विमानतळ २० मिनिटं, पलीकडे विमानतळ ते रुग्णालय ३० मिनिटं. मध्ये ४९ मिनिटांचा आकडा धरला तर प्रवास ९९ मिनिटांचा, शस्त्रक्रियेला १४१ उरतात. दीड तास धरला तर प्रवास १४० मिनिटांचा, उरतात १००. अशा वेळी विमानाला प्राधान्य मिळतं, त्यामुळे खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असेल. पण कुठे, हे आधी मोजलेलं असावं लागतं. व्याख्येतली ४१ मिनिटं इथे एका माणसाच्या आयुष्याशी जोडलेली आहेत.

दुसरं उदाहरण विमान नसलेलं. आरोग्यसेवेवरच्या संशोधनात “गावापासून रुग्णालयाचं सरळ रेषेतलं अंतर” हा व्हेरिएबल सर्रास वापरला जातो, कारण तो संगणकावर पटकन निघतो. गडचिरोलीतल्या भामरागडचा विचार करा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचा संपर्क तुटतो. सरळ रेषेतलं अंतर मे महिन्यात जेवढं, ऑगस्टमध्येही तेवढंच. प्रवासाला लागणारा वेळ मात्र तासांवरून दिवसांवर जातो. तुमच्या डेटाशीटमध्ये ते गाव बारा महिने तितकंच “जवळ” दिसत राहील. बाळंतपणाला अडकलेल्या बाईला विचारलं तर ती वेगळं सांगेल. व्हेरिएबल चुकीचा निवडला की पुढचं स्टॅटिस्टिक्स कितीही भारी असलं तरी तिची अडचण त्यात दिसत नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या सिनॉप्सिसमधला सर्वात साधा वाटणारा एक व्हेरिएबल निवडा. अंतर, वय, उत्पन्न, हजेरी, काहीही. एका कागदावर पाच गोष्टी लिहा. तो कुठून कुठपर्यंत मोजणार? कशाने मोजणार आणि ते साधन किती बारीक मोजू शकतं? आकडा दुसऱ्याचा असेल तर त्याने तो कशासाठी गोळा केला होता? सरासरी घेणार की सर्वात मोठी किंमत, आणि का? आणि शेवटी, हा आकडा चुकला तर त्याची झळ कुणाला बसेल?

पाचही उत्तरं लिहिता आली तर समजा तुमची पद्धतीची अर्धी तयारी झाली. एखाद्या प्रश्नापाशी अडलात, तर तिथून वाचायला सुरुवात करा. सरावासाठी नागपूर-पुणे हवाई अंतर स्वतः काढून बघा. पुण्याचा विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. कोसाइन विसरू नका.